तीन सेलांची बॅटरी आणि एक कंदील

बोरखेडीत रंगरावाजवळ तीन गोष्टी अशा होत्या, की त्या गावात दुसऱ्या कोणाजवळ नव्हत्या. एक ट्रान्झिस्टर, दुसरी तीन सेलांची लांबलचक बॅटरी आणि तिसरी आकाशाची माहिती. पहिल्या दोन त्याने वाशीमहून आणल्या होत्या. तिसरी पहिलीतून निघाली होती.

तसा रंगराव माणूस जमिनीचा. विहिरीवर वांगी, मेथी, कांदे लावायचे आणि बैलगाडीने रिसोडच्या बाजारात न्यायचे, हा त्याच्या घरचा पिढीजात धंदा. पण वाफ्याला पाणी देतानाही त्याचं ध्यान वर. दोन वर्षांपूर्वी माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा त्याने ट्रान्झिस्टर पारावर नेऊन ठेवला आणि अख्ख्या गावाला चंद्र समजावून सांगितला. शेजारचा पंजाबराव म्हणाला, "अवसेले चंद्र नसते, तवा हे उतरतीन कुठं?" रंगरावाने त्यालाही उत्तर दिलं. ते चुकीचं होतं, पण जोरात दिलं होतं, म्हणून गावाला पटलं.

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये रशियाचे तीन जण आकाशातल्या एका घरात राहायला गेले. पृथ्वीभोवती फिरतं आणि आत माणसं राहतात, असं ते पहिलंच घर. रोज संध्याकाळी बातम्या संपल्या, की रंगराव ओट्यावर येऊन गावाला खबर द्यायचा. तिघांची नावं त्याच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्याने आपली मोठा, मधला आणि धाकटा अशी नावं ठेवून दिली.

"आज मधल्याचा वाढदिवस झाला. वरच्या वरच!"

"मंग काय खाल्लं त्यानं?" हौसाबाई, म्हणजे रंगरावाची आई, आतून विचारायची. तिला आकाशाशी कर्तव्य नव्हतं, पण कोणी घराबाहेर असला की तो जेवला का, हे तिला कळायलाच हवं असायचं.

तेवीस दिवस असे मजेत गेले. तिसाव्या तारखेला संध्याकाळी रंगराव ट्रान्झिस्टर घेऊन ओट्यावरच बसला. तिघे आज परत येणार होते. गंगू, त्याची दहा वर्षांची मुलगी, मांडीला मांडी लावून शेजारी बसली होती. बातमी आली. यान ठरल्या जागी अलगद उतरलं होतं. छत्री वेळेवर उघडली होती. मदतीची माणसं धावत गेली, त्यांनी दार उघडलं. तिघेही आपापल्या जागी बसलेले होते. पण जिवंत नव्हते.

रंगरावाने ट्रान्झिस्टर बंद केला. त्या दिवशी हौसाबाईने बराच वेळ चुलीवर तवा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाव एकच प्रश्न विचारू लागलं. यान बुडालं असतं, जळालं असतं, आपटलं असतं, तर गावाची समजूत पटली असती. पण यान धडधाकट आणि आतली माणसं गेलेली, हे काय?

"रंगराव, काहून मेले गा ते?" पंजाबरावाने पारावर सगळ्यांसमोर विचारलं.

रंगरावाला माहीत नव्हतं. पण गावातला आकाशाचा एकुलता एक जाणकार 'माहीत नाही' कसं म्हणणार? तो म्हणाला, "तेवीस दिस तरंगून राह्यले ना बावा ते. काळीज नाजूक झालं. जमिनीचा दणका सोसला नाई."

गाव हळहळलं. तेवढ्यात पाराच्या कडेने देवमन गुरुजी सायकल हातात धरून चालले होते. ते थांबले. देवमन अंभोरे गावच्याच शाळेत शिकवायचे. त्यांना कोणी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

"रंगराव," ते म्हणाले, "हे तुमाले माहीत हाये, का तुमाले तसं वाटते?"

"आता गुरुजी, त्यात फरक कायचा?"

"लय फरक हाये," गुरुजी म्हणाले आणि सायकलवर बसून निघून गेले. गाव हसलं. रंगरावाला ते हसणं रात्रीच्या भाकरीबरोबर गिळावं लागलं.

दोन दिवसांनी गंगू पाटी विसरून शाळेत गेली. रंगराव ती द्यायला गेला आणि खिडकीशी उभा राहिला तो राहिलाच. आत तोच विषय चालला होता.

"चार वर्षांपूर्वी," गुरुजी सांगत होते, "अमेरिकेचे तिघे यानात बसले होते. यान उडालं नव्हतं. जमिनीवरच तालीम चालली होती. आत त्यांनी आपल्यासारखी हवा भरली नव्हती, निव्वळ प्राणवायू भरला होता. आपल्याकडे जे नुसतं धुमसतं, ते अशा हवेत भडकन पेटतं. कुठल्या तरी तारेची ठिणगी पडली असावी. आग लागली."

"मंग दार उघडून पयाले काहून नाई?" एका मुलाने विचारलं.

"चला, पाहू." गुरुजींनी खोलीचं दार लावून घेतलं. ते आत उघडणारं होतं. "आता समजा खोलीला आग लागली. सगळे एकदम बाहेर पडा बरं!"

चाळीस पोरं दारावर तुटून पडली. जितकी ढकलाढकल, तितकं दार घट्ट. जो सगळ्यांत पुढे होता त्याला दार आपल्याकडे ओढायचं होतं, पण त्याच्या पाठीवर एकोणचाळीस जण होते. "अरे मांगं सरा! मांगं सरा रे पोट्टेहो!" रंगराव खिडकीतून ओरडू लागला. त्याने बाहेरून दाराला खांदाही दिला, त्यामुळे दार धाडकन उघडलं आणि आत चाळीस पोरांचा ढीग पडला.

"इथं तुम्ही दाबत होता," गुरुजी कपडे झटकत म्हणाले. "तिथं तापून फुगलेली हवा दाराला आतून दाबत होती. ते दार तिघांना वेळेत उघडता आलं नाही. पुढच्या यानांना त्यांनी झटकन बाहेर उघडणारं दार केलं. त्याच वर्षी रशियाचा एक जण एकटाच खाली येत होता. त्याची मोठी छत्री बाहेरच आली नाही. दुसरी उघडली, तर तिचा गुंता झाला. ते यान जमिनीवर आदळलं."

"अन् आपल्या तिघांची छत्री?" गुरुजींनी विचारलं.

"उघडली व्हती!" गंगू म्हणाली.

"आग?"

"नाई लागली."

"दार?"

"बाहेरच्या लोकांनी उघडलं. चांगलं उघडलं."

"म्हणजे जुनी कारणं यावेळी नाहीत. तिघं ज्यानं गेले, ते काही तरी चौथं आहे." गुरुजींनी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: माहीत नाही. "कळेल तेव्हा हे पुसू."

रंगराव घरी येऊन चार दिवस त्याच गोष्टीवर हसत होता. "माय, गुरुजीनं फळ्यावर लिवलं, माहीत नाई! मंग शाळा कायले पायजे?"

हौसाबाई हसली नाही. ती कोठीत हात घालून पाहत होती. "तुह्या आकाशातलं राहू दे. कोठीतली जवारी सरली. परवापासून भाकरी कायच्या करू?"

ज्वारी घरात नव्हती असं नाही. ती खळ्याच्या कडेला जमिनीखाली होती, पेवात. पेव म्हणजे मोठ्या रांजणासारखा खोल खड्डा. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, आत मात्र चांगलं दहा-बारा हात खोल आणि ऐसपैस. आत कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून शेणामातीने लिंपून टाकायची. दोन-चार वर्षं दाण्याला काही होत नाही. रंगरावाच्या वडिलांनी खणलेलं ते पेव तीन हिवाळ्यांपूर्वी तळापुरतं भरून बंद केलं होतं, ते तसंच होतं.

आता चार दिवसांपासून पावसाने उघडीप दिली होती. पेव उघडायचं तर हीच वेळ.

"उघडतो ना," रंगराव म्हणाला. "मीच उतरतो."

"तू?" हौसाबाई उठून उभी राहिली. "पेवात कधी उतरला तू? ते काम ग्यानबाचं होतं."

ग्यानबा म्हणजे देवमन गुरुजींचे वडील. भोवतालच्या पाच-सात गावांची पेवं तेच उघडायचे. कोणी म्हणे साठ, कोणी म्हणे शंभर. इतकी पेवं उघडून तो माणूस शेवटी म्हातारा होऊन आपल्या बाजेवर गेला, याचं त्या काळी लोकांना नवल वाटे, कारण पेवात उतरलेला माणूस कधी कधी वर यायचाच नाही. छप्पन साली अंभोऱ्यांच्या घराने बौद्ध धम्म घेतला. पुढे देवमन मास्तर झाले आणि त्यांनी घरात सांगून टाकलं, की आता आपण कोणाच्या पेवात उतरायचं नाही, ज्याची ज्वारी त्याने काढावी. ग्यानबाही म्हणाले, बरोबर आहे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. आता ते काम जाणणारी एकच व्यक्ती उरली होती, त्यांची बायको चंपाबाई. तीस वर्षं दोराचं वरचं टोक तिच्या हातात असायचं.

"जाय, चंपाबाईले विचारून ये," हौसाबाई म्हणाली. "तोंड उघडून एक दिस ठेवा लागते. मंग कंदील सोडा लागते. तिले सगळं ठावं हाये."

"एक दिस उघडं ठेवू? अन् पाणी आलं म्हंजे? सगळी जवारी सडवतं का?" रंगरावाने खुंटीवरची बॅटरी काढली आणि बटण दाबलं. भर दुपारी भिंतीवर पांढरा गोल पडला. "अन् कंदील कायले पायजे? माणूस चंद्रावर गेला, अन् आपण अजून वातीवर! खाली उजेडच पायजे ना? हे पाय."

कंदील का सोडायचा, हे हौसाबाईलाही नेमकं माहीत नव्हतं. सोडतात, एवढंच माहीत होतं. पण जीव तिचा थाऱ्यावर राहिला नाही. एकुलता एक मुलगा त्या भोकात उतरणार, या विचाराने तिने त्या एका दुपारीच रंगरावाला तीनदा जेवायला वाढलं आणि तीनदा ताट उचलायला विसरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर अर्धं गाव जमलं. गुरुजीही येऊन उभे राहिले. आदल्या दिवशी ते कामाला रिसोडला गेले होते, तिथून त्यांनी एक वर्तमानपत्र आणलं होतं. ते रंगरावाला दाखवायला म्हणून ते आले, पण रंगरावाला वाचायला सवड कुठली! त्याने लिंपण फोडलं. पंजाबराव आणि आणखी दोघांनी पहार घालून शिळा सरकवली. आतून आंबूस, उबट वास आला.

रंगरावाने बॅटरीच्या कडीला सुतळी बांधली आणि पेटलेली बॅटरी हळूहळू आत सोडली. प्रकाश खाली खाली गेला आणि तळाशी पिवळसर ज्वारीचा ढीग दिसू लागला. दाणा न् दाणा मोजता यावा असा लख्ख.

"पाहा!" रंगराव म्हणाला. "कुठी काय हाये? साप नाई, पाणी नाई. ढळढळीत उजेड!" त्याने कमरेला दोर बांधला, तोंडाशी बसला आणि दोन्ही पाय आत सोडले.

"बाबा, थांबा," गंगू म्हणाली. ती पुढे आली होती. "बॅटरीनं काय कळलं?"

"काय म्हंजे? खालचं सगळं दिसून राह्यलं."

"दिसलं. पण आत हवा हाये का नाई, ते कसं कळलं?"

रंगरावाने तोंड उघडलं. उत्तर जोरात द्यायची तयारी होती, पण उत्तरच नव्हतं. तो गुरुजींकडे पाहू लागला. गुरुजीही गंगूकडे पाहत होते, आणि त्यांचा चेहरा बदलला होता.

"पाय वर घ्या, रंगराव," ते म्हणाले. आज त्यांचा आवाज मोठा होता. "आधी पाय वर घ्या."

आवाजच असा होता, की रंगरावाने पाय वर घेतले.

"मी घरी जाऊन मायले घेऊन येतो," गुरुजी म्हणाले. "पण एक गोष्ट. ती कामाले नाई येणार. पाहुणी म्हून येईन."

"या ना! या म्हणा!" हौसाबाई म्हणाली आणि स्वतः घरात जाऊन बाज उचलून आणली, ती खळ्यात कडुनिंबाखाली टाकली, वर धुतलेली गोधडी अंथरली. चंपाबाई आली, तेव्हा तिच्या हातात कंदील होता. ती बाजेवर बसली. हौसाबाईने घरातल्या कपबशीत चहा आणून दिला. तिच्या सासूच्या काळी ग्यानबाचा पेला गोठ्यात वेगळा ठेवलेला असे, हे दोघींनाही आठवलं असणार. चंपाबाईने चहा सावकाश संपवला.

"हं. आता सोड," ती म्हणाली. "कंदील सोड. अन् तुही बॅटरीबी राहू दे खालीच."

रंगरावाने पेटता कंदील दोरीने आत सोडला. एक हात, दोन हात. ज्योत नीट होती. तिसऱ्या हाताला ती बारीक झाली. चौथ्या हाताला निळसर होऊन पार खाली बसली. पाचव्याला गेली.

"वारा लागला असंन," पंजाबराव म्हणाला.

"पेवात वारा?" चंपाबाई म्हणाली. "वर घ्या. पुन्हा लावा."

पुन्हा लावला. पुन्हा त्याच जागी विझला. सगळे तोंडाशी वाकून पाहू लागले. खाली बॅटरी झगझगीत जळत होती आणि तिच्या उजेडात विझलेला कंदील लटकत होता. काचेवरची काजळीसुद्धा दिसत होती.

रंगराव मागे सरून जमिनीवर बसला. आपले पाय त्याने एकदा हाताने चाचपले.

"बॅटरीले हवा लागत नाई," तो हळूच म्हणाला.

"नाई लागत," गुरुजी म्हणाले. "कंदिलाले लागते. माणसाले लागते."

मग मुलं भोवती जमलेलीच होती, तर गुरुजींनी तिथेच सांगून टाकलं. ज्वारीचा दाणा मेलेला नसतो, तोही श्वास घेतो. बंद पेवात लाखो दाणे महिनोन् महिने श्वास घेत राहतात. चांगली हवा संपते, त्यांनी सोडलेली वाईट हवा साचते, आणि ती जड असल्याने खाली बसून राहते. तिला रंग नाही. दिसत काहीच नाही. उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, त्याला हाक मारायलाही उसंत मिळत नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, तर तोही तिथेच.

"माह्या सासऱ्याच्या काळात शिरपूरकडं तिघं गेले एका पेवात," चंपाबाई म्हणाली. "एकामांगं एक."

हौसाबाईने रंगरावाचा दंड धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

"आता सांगा," रंगराव म्हणाला, "काय करा लागते?"

हे वाक्य रंगरावाच्या तोंडून गावाने पहिल्यांदा ऐकलं. पंजाबरावाला यावर काही तरी बोलायचं होतं, पण चंपाबाईने त्याला कडुनिंबाची मोठी फांदी तोडायला पाठवलं. ती पानांची फांदी दोराला बांधून पेवात खालीवर, खालीवर करायची, म्हणजे खालची हवा ढवळून निघते. सगळ्यांनी आळीपाळीने ते काम केलं. तासाभराने कंदील सोडला, तो सहाव्या हाताला विझला. दुपारी सातव्या. ढग येऊ लागले, तेव्हा पेवाच्या तोंडावर बैलगाडी उभी करून तिच्यावर ताडपत्री टाकली, पावसाला आडोसा आणि हवेला वाट. संध्याकाळपर्यंत कंदील आठव्या हाताच्या खाली काही जाईना.

"उद्या," चंपाबाई म्हणाली आणि उठली.

"पण आज भाकरी कायच्या?" हौसाबाईच्या तोंडून निघून गेलं. कोठी तर रिकामी होती.

तासाभरात गुरुजींच्या घरून फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि वांग्याची भाजी आली. वांगी रंगरावाच्याच मळ्यातली, गुरुजींनी बाजारातून नेलेली. गंगू आणि रंगराव जेवायला बसले. हौसाबाई म्हणाली, "मले भूक नाई." थोड्या वेळाने म्हणाली, "चतकोर दे." मग तिने दोन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाली, "चंपाबाईचा हात चांगला हाये."

जेवण झाल्यावर रंगरावाने गुरुजींचं ते वर्तमानपत्र कंदिलापाशी धरलं. रशियाच्या चौकशी समितीने कारण सांगितलं होतं. खाली येताना, जमिनीवर पोचायला अर्धा तास असताना, यान हवाबंद राहिलं नव्हतं. आतली हवा निघून गेली होती. एवढंच. यंत्रं सगळी नीट चालली होती. एक बारकीशी झडप, जी अगदी जमिनीजवळ आल्यावर बाहेरची हवा आत घेण्यासाठी उघडायची, ती वरच उघडली, हा तपशील जगाला पुढे दोन वर्षांनी कळला. तिघांना दाटीवाटीने बसावं लागल्यामुळे अंगात हवा धरून ठेवणारे पोशाखही नव्हते. पुढे रशियाने पोशाख दिले आणि त्या जागेत दोघांनाच बसवलं. रंगरावाने बातमी तीनदा वाचली आणि वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेवाकडे जायच्या आधी शाळेत गेला. "गुरुजी, फळा पुसून टाका. अन् पोरांहीले सांगा, काळजाचं मी सांगितलं होतं ते खोटं."

"खोटं नाई. चूक," गुरुजी म्हणाले. "तुमीच सांगा त्याहीले." आणि रंगरावाने चाळीस पोरांसमोर उभं राहून सांगितलं. "मंग ते पेवासारखंच झालं ना?" एका पोराने विचारलं. रंगराव 'व्हय' म्हणणार होता, पण थांबला आणि त्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "थोडं सारखं, थोडं वेगळं. पेवात वाईट हवा साचली होती, यानात हवाच उरली नाही. सारखं एवढंच, की दोन्हीकडे डोळ्यांना काही दिसत नाही."

दुपारपर्यंत कंदील तळाला पोचला आणि ज्वारीच्या ढिगावर टेकून शांतपणे जळत राहिला. चंपाबाईने तो पाचशे आकडे मोजेपर्यंत तसाच ठेवायला लावला. मोजायचं काम पोरांनी केलं, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात. मग ती रंगरावाला म्हणाली, "आता उतर. कंदील सोबतच राहू दे. अन् बोलत राह्य."

"काय बोलू?"

"काईबी बोल. माहा बुढा गाणं म्हने. आवाज थांबला का आमी ओढणार, विचारणार नाई."

हौसाबाई, पंजाबराव आणि आणखी चौघांनी दोर धरला. रंगराव उतरला. खाली ऊब होती आणि आंबूस वास होता, पण श्वास चांगला येत होता. त्याने टोपलं भरायला घेतलं आणि बोलू लागला. बोलायला त्याला दुसरं काय येणार? "तर मंडळी, तेवीस दिस ते तिघं वर होते... मोठा, मधला अन् धाकटा..." जमिनीच्या पोटातून घुमत आवाज वर येऊ लागला. पहिलं टोपलं वर गेलं, दुसरं गेलं. गाव तोंडाभोवती बसून ऐकत होतं. इतकं मन लावून त्यांनी ट्रान्झिस्टरही कधी ऐकला नव्हता.

"...मंग ते घरातून निंगाले, यानात बसले, दार लावून घेतलं. खालच्या लोकाईसंगं बोलले. आता घरी येतो म्हनले. अन् मंग..."

रंगरावाचा हात टोपल्यातच राहिला. घराकडे निघालेले तीन जण, शेजारी शेजारी बसलेले, खांद्याला खांदा लावून. खाली त्यांना हाका मारणारे लोक आणि वरून आवाज नाही. कंदिलाच्या उजेडात तो बारा हात मातीखाली बसला होता आणि त्याला पहिल्यांदा ते तिघं आकाशातले न वाटता माणसं वाटले.

एवढ्यात कमरेभोवती दोर करकचून आवळला गेला आणि तो वर उचलला गेला. पेवाच्या तोंडाला त्याचं कोपर घासलं, पागोटं खालीच राहिलं. अर्धा बाहेर, अर्धा आत असा तो लटकत असताना सहा जणांनी त्याला धरून खळ्यात आणून टाकलं. हौसाबाई त्याच्या छातीवर हात चोळू लागली. गंगू रडायच्या बेतात होती.

"अरे सोडा! काई झालं नाई मले!"

"आवाज काहून थांबला?" चंपाबाईने विचारलं.

"विचार करून राह्यलो होतो."

"विचार वर येऊन करा लागते," चंपाबाई म्हणाली. "खाली नुसतं बोला लागते. जाय."

गाव इतकं हसलं, की कडुनिंबावरचे कावळे उडाले. रंगरावही हसला. पुन्हा दोर तपासला गेला, पुन्हा तो उतरला. पण आता तिघांची गोष्ट पुढे सांगवत नव्हती, आणि दुसरं काही सुचेना. "काय बोलू गा?" तो खालून ओरडला.

"पाढे म्हना, बाबा!" गंगू तोंडाशी ओणवी होऊन म्हणाली. "एकोणतीसचा!"

"सोपा सांग ना पोरी!"

"नाई, एकोणतीसचाच!" चाळीस पोरं ओरडली.

मग पेवातून एकोणतीसचा पाढा येऊ लागला. एकोणतीस एके एकोणतीस, टोपलं भर. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, टोपलं वर. पाचापर्यंत गडी नीट आला. सहाला अडखळला, पोरांनी वरून सांगितलं एकशे चौऱ्याहत्तर. मग 'एकोणतीस साते...' म्हणून आवाज बंद पडला. वर चंपाबाईने बोट उचललं. सहा जणांनी दोर ताणला.

"दोनशे तीन!" पेवातून जीव खाऊन आरोळी आली. "दोनशे तीन! दोर सोडा!"